काउंटीकडून ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर आलं, तर

गेली सहा वर्षं दर मंगळवारी सकाळी मी आमच्या गावच्या लायब्ररीत वंशावळीच्या टेबलाशी बसते. गाव ओहायोतलं, डेटनपासून तासाभरावर. माणसं येतात, पिशवीतून कागद काढतात आणि बहुतेकांच्या कागदांत काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या ऑफिसकडून, आलेलं एक पत्र असतंच: ‘तुम्ही दिलेल्या नावाची मृत्यूनोंद आमच्याकडे आढळली नाही.’ अलीकडे आपल्या मराठी लोकांचेही फोन येतात. कुणाची सून अमेरिकन असते, कुणाचा जावई. नातवंडांना शाळेत वंशवृक्ष करायला सांगितलेला असतो आणि गाडी तिथेच अडते.

आमचीही तशीच अडली होती. नातू पाचवीत होता. त्याच्या वडिलांच्या बाजूचं काम एका संध्याकाळी झालं, कारण कपाटात आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त होता. पान उघडलं, मूळ पुरुषापासून खाली उतरत आलो, झालं. सुनेच्या बाजूला मात्र तिच्या आजीच्या आजीपाशी सगळं थांबलं. जर्मन घराणं, ओहायोच्या पश्चिम सीमेवरच्या काउंटीत शेती. ‘१९०३ च्या सुमारास वारली’ एवढंच घरात माहीत. आम्ही तीन वेळा काउंटीला लिहिलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. आज मागे वळून पाहताना कळतं की आम्ही तिन्ही वेळा तोच प्रश्न तसाच विचारला होता.

ऑफिसातला माणूस काय करतो ते आधी लक्षात घ्या. तुम्ही दिलेलं साल, तुम्ही दिलेलं स्पेलिंग आणि त्याच्या ताब्यातली वही, एवढ्याच गोष्टी तो बघतो. शेजारच्या काउंटीत तो डोकावत नाही आणि मागचंपुढचं साल आपणहून चाळत नाही. बऱ्याच ठिकाणी शोधाची फी नोंद सापडो न सापडो घेतली जाते. म्हणून चौथं पत्र पाठवण्याआधी प्रश्न दुरुस्त करायचा.

त्या सालाची वही नेमकी कुणाकडे?

आपल्याला वाटतं, जन्ममृत्यूची नोंद म्हणजे सरकारी काम, सगळीकडे सारखंच असणार. अमेरिकेत तसं नाही. हे काम राज्यांचं आहे आणि प्रत्येक राज्यानं ते वेगवेगळ्या साली सुरू केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्यभर नोंदी आहेत, जॉर्जियात मात्र १९१९ उजाडावं लागलं. ओहायोत १८६७ पासून डिसेंबर १९०८ पर्यंत मृत्यू काउंटीच्या प्रोबेट कोर्टाच्या, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसाहक्क बघणाऱ्या कोर्टाच्या, वहीत लिहिले जात. २० डिसेंबर १९०८ पासून राज्याचे दाखले सुरू झाले. म्हणजे ओहायोत १९०५ साली वारलेल्या माणसाचा दाखला राज्याच्या आरोग्य खात्याकडे मागून काही उपयोग नाही, तो कधी तयारच झाला नाही. पेनसिल्व्हेनियात राज्याचे दाखले १९०६ पासून, त्याआधी १८९३ ते १९०५ काउंटीच्या वह्या. कॅलिफोर्नियात राज्याकडे जुलै १९०५ पासून, त्याआधी काउंटी रेकॉर्डरकडे. इलिनॉयमध्ये काउंटी क्लार्ककडे १८७७ पासून, राज्याकडे १९१६ पासून. व्हर्जिनियाचं सगळ्यात विचित्र: १८५३ ते १८९६ नोंदी आहेत, मग १९१२ पर्यंत राज्याची नोंदणीच बंद. त्या मधल्या वर्षांत वारलेल्या माणसासाठी दहा पत्रं लिहिलीत तरी उत्तर बदलणार नाही, तिथे दुसऱ्या वाटेनंच जायला हवं.

आणि काही ठिकाणी काउंटीला विचारणंच चुकीचं. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बाजूच्या ईशान्येकडच्या राज्यांत, नोंदी गावाच्या, म्हणजे टाउन क्लार्कच्या ताब्यात असतात. आपली बरीच मंडळी न्यू जर्सीत आहेत म्हणून सांगते, तिथे १८४८ पासूनच्या नोंदी राज्याकडे आहेत, काउंटीकडे नव्हेत. न्यूयॉर्क राज्य आणि न्यूयॉर्क शहर ही दोन वेगळी दप्तरं आहेत. शहराच्या जुन्या नोंदी म्युनिसिपल अर्काइव्हजमध्ये आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा आता घरबसल्या फुकट दिसतात. सेंट लुइस शहर १८७६ मध्ये सेंट लुइस काउंटीपासून वेगळं झालं, बाल्टिमोर शहर १८५१ मध्ये बाल्टिमोर काउंटीपासून. नाव एकच असलं तरी ऑफिसं दोन आहेत. लुइझियानात तर काउंटीला काउंटी म्हणतच नाहीत, पॅरिश म्हणतात.

वही ज्या ऑफिसनं लिहिली तिथेच ती आज असते असंही नाही. ओहायोतल्या जुन्या वह्या पुष्कळदा विद्यापीठांच्या संग्रहात गेल्या आहेत. आमच्या बाजूच्या काउंट्यांचं जुनं सरकारी दप्तर डेटनच्या राइट स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. त्यामुळे पत्रात एक वाक्य हमखास घाला: ‘या सालाच्या वह्या तुमच्याकडे नसतील तर त्या कुठे दिल्या आहेत ते कळवावं.’ या एका वाक्यानं माझ्या टेबलावरच्या अनेकांची कामं मार्गी लागली आहेत.

गाव बरोबर, काउंटी चूक

आमची चूक इथे होती. ‘शेत या काउंटीत, म्हणजे मरणही याच काउंटीत’ असं आम्ही धरून चाललो. पण मृत्यूची नोंद माणूस जिथे राहत होता तिथली नसते, जिथे प्राण गेला तिथली असते. म्हातारपणी माणूस लेकीकडे जातो, मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात जातो, मनोरुग्णालयात किंवा काउंटीच्या पुअर फार्मवर, म्हणजे गरिबांसाठीच्या आश्रमात जातो. नोंद तिथली होते.

सीमेवरच्या गावांत तर विशेष सांभाळायचं. युनियन सिटी नावाचं एक गाव ओहायो आणि इंडियाना यांच्या सीमेवर आहे. एक बाजू ओहायोच्या डार्क काउंटीत, दुसरी इंडियानाच्या रँडॉल्फ काउंटीत. रस्ता ओलांडला की राज्य बदलतं, कायदा बदलतो आणि वहीही बदलते.

मग माणूस शेवटी कुठे होता ते कळायचं कसं? जनगणनेतून. आम्ही ओहायोची १९०० ची जनगणना पाहिली तर ही बाई तिथे नव्हतीच. शेतावर मुलगा आणि त्याची बायको. म्हणून तिचं नाव सोडून लेकींच्या सासरची नावं शोधायला घेतली. धाकट्या लेकीच्या घरात, इंडियानाच्या बाजूला, कुटुंबप्रमुख म्हणून जावयाचं नाव, खाली लेक, चार मुलं आणि शेवटच्या ओळीत ‘मदर-इन-लॉ, विधवा’. १९०० च्या जनगणनेत प्रत्येकाच्या जन्माचा महिना आणि साल विचारलेलं असतं, शिवाय बायकांना किती मुलं झाली आणि किती हयात आहेत तेही. तिच्या ओळीत लिहिलं होतं: झालेली नऊ, हयात पाच. त्या दोन आकड्यांपाशी माझी सून किती तरी वेळ बसून राहिली होती.

१९१० च्या जनगणनेत त्याच घरात ती नव्हती. म्हणजे १९०० आणि १९१० च्या मधे, बहुधा इंडियानात. तीन पत्रांनी जे झालं नाही ते दोन पानांनी झालं.

काउंट्यांच्या हद्दीही बदलत आल्या आहेत. कॅलिफोर्नियातली इंपीरियल काउंटी १९०७ मध्ये सॅन डिएगो काउंटीतून निघाली. तिथे वस्ती केलेल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या घराण्यांचा शोध घेणाऱ्यांना ही तारीख लागतेच. लाँग आयलंडवरची नासाऊ १८९९ मध्ये क्वीन्समधून निघाली, ब्राँक्स काउंटी १९१४ मध्ये न्यूयॉर्क काउंटीतून. कुठल्या तारखेला कुठलं गाव कुठल्या काउंटीत होतं हे शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीनं तयार केलेल्या नकाशांत बघता येतं. शोधाला बसण्याआधी पाच मिनिटं तिथे घालवावीत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

नाव

जर्मन आडनावांचं इंग्रजीत काय काय होतं! म्युलरचा मिलर, श्मिटचा स्मिथ, कोखचा कुक. श्नायडरचा स्नायडर होतो आणि कधी कधी अर्थ घेऊन थेट टेलर. लिहिणारा कारकून कानाला जे ऐकू येईल ते लिहायचा आणि सांगणाऱ्याला पुष्कळदा स्वतःलाच लिहितावाचता येत नसे. त्यामुळे आडनावाचं एकच ‘बरोबर’ स्पेलिंग धरून बसू नका. कागद घ्या, आडनाव मोठ्यानं म्हणा आणि त्याची आठदहा स्पेलिंगं लिहून काढा. संकेतस्थळांवर मधल्या अक्षराच्या जागी तारका किंवा प्रश्नचिन्ह टाकून शोधता येतं, तेही करा.

दुसरी अडचण हस्ताक्षराची. मूळ वही वाचून नावांची यादी, म्हणजे इंडेक्स, केला जातो आणि चूक बहुतेक तिथे शिरते. जुन्या वळणात मोठं एल आणि मोठं एस जुळ्या भावंडांसारखं दिसतं. आय आणि जे, टी आणि एफ यांचंही तेच. एस अक्षर दोनदा आलं की त्यातलं पहिलं लांब शेपटीचं काढायची पद्धत होती, ते एफसारखं वाचलं जातं, म्हणून जेसीचा ‘जेफ्सी’ झालेला मी स्वतः पाहिलाय. इंडेक्समध्ये नाव मिळालं नाही तर मूळ पानांचे फोटो चाळा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडता येतं आणि तिथे काउंट्यांच्या वह्यांचे असंख्य फोटो आहेत, त्यांतले सगळे नावानं शोधता येत नाहीत. कॅटलॉगमध्ये काउंटीचं नाव घालून, वही उघडून, पान उलटत बसावं लागतं. कंटाळवाणं आहे खरं, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नोंदी अशाच सापडल्यात.

बायकांचं तर वेगळंच. वर्तमानपत्रात ती ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही. आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलायचे, त्यामुळे कुलवृत्तान्तात माहेरचं नाव शोधताना जे हाल होतात ते ज्यांनी भोगलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. थडग्याच्या दगडावर ‘रेलिक्ट’ लिहिलेलं असेल तर ती विधवा होऊन वारली, ‘कॉन्सॉर्ट’ असेल तर नवऱ्याआधी गेली. या दोन शब्दांवरून नवऱ्याच्या मृत्यूचं साल तिच्या आधीचं की नंतरचं ते कळतं.

वही वाचताना

ओहायोच्या प्रोबेट कोर्टाची वही एकदा उघडून पाहाच. भलं मोठं पान, दोन्ही बाजूंना पसरलेली एकच ओळ. आधी अनुक्रमांक, मग नोंद केल्याची तारीख, मग नाव, मग मृत्यूची तारीख. इथे घाईत असलेला माणूस हमखास पहिलीच तारीख उतरवून घेतो. ती मृत्यूची नसते! अनेक टाउनशिपमध्ये, म्हणजे काउंटीच्या छोट्या भागांत, करआकारणीसाठी फिरणारा असेसर घराघरांतून मृत्यूंची माहिती आणायचा आणि ती नंतर वहीत चढवली जायची. दोन तारखांमध्ये कित्येक महिन्यांचं अंतर असतं. साल संपता संपता झालेला मृत्यू पुढच्या सालाच्या पानांत सापडतो. पुढे वय, विवाहित की अविवाहित, मृत्यूचं ठिकाण, जन्माचं ठिकाण, धंदा, आईवडिलांची नावं, मृत्यूचं कारण, राहण्याचं ठिकाण आणि शेवटी माहिती कुणी दिली. हा शेवटचा रकाना मी सगळ्यात आधी वाचते, कारण बाकीच्या ओळीवर किती विश्वास ठेवायचा ते त्यावर ठरतं. मृत्यू केव्हा आणि कशानं हे डॉक्टरला ठाऊक असतं. पण जन्म कुठला आणि आईबाप कोण हे ऐंशी वर्षांपूर्वीचं, ते जावयानं किंवा शेजाऱ्यानं सांगितलेलं असतं.

वयाचं गणितही करून ठेवा. दगडांवर नि वह्यांत वय वर्षं-महिने-दिवस असं पूर्ण दिलेलं असतं. समजा मृत्यू १४ मार्च १८८९ चा, वय ७२ वर्षं, ४ महिने, ११ दिवस. १८८९ मधून ७२ गेले, १८१७. मार्चमधून चार महिने मागे, नोव्हेंबर १८१६. चौदातून अकरा गेले, तीन. म्हणजे जन्म ३ नोव्हेंबर १८१६. जन्माची नोंद कुठेही नसलेल्या माणसाची जन्मतारीख अशी हाती लागते.

निधनवार्ता सापडत नाही तेव्हा

लोक एखाद्या मोठ्या संकेतस्थळावर नाव घालतात, काही आलं नाही की म्हणतात वर्तमानपत्रात आलंच नव्हतं. जुन्या वर्तमानपत्रांचं यंत्रानं केलेलं वाचन फार चुकीचं असतं. शाई फुटलेली, पान वाकलेलं, ओळीच्या शेवटी आडनाव तोडून अर्धं खालच्या ओळीत गेलेलं. म्हणून नाव सोडून बाकी गोष्टींवर शोध घ्या: गावाचं नाव आणि ‘फ्युनरल’, चर्चचं नाव, पुरणभूमीचं नाव, जावयाचं आडनाव. आणि एकदा अंदाजे तारीख कळली की यंत्र बाजूला ठेवा आणि त्या तारखेपासून पुढचे तीन अंक डोळ्यांनी वाचा. लहान गावची वर्तमानपत्रं साप्ताहिक असत. गुरुवारी अंक निघायचा असेल आणि माणूस बुधवारी रात्री गेला, तर बातमी पुढच्या आठवड्याला.

निधनवार्ता नेहमी निधनवार्तेच्या जागी नसते. आतल्या पानावर खेड्यापाड्यांतून बातमीदारांनी पाठवलेल्या चार चार ओळी असतात: अमुक बाई गेला महिनाभर अंथरुणाला खिळून आहेत, तमुक घरी इंडियानाहून पाहुणे आलेत. महिन्याभरानं ‘आमच्या दुःखात मदत केलेल्या शेजाऱ्यांचे आभार’ अशी छोटी चौकट येते, तिला ‘कार्ड ऑफ थँक्स’ म्हणतात, आणि तिच्या खाली सगळ्या मुलामुलींची नावं असतात. १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झानं इतकी माणसं गेली की निधनवार्ता दोन ओळींवर आल्या, तिथे या चौकटीच कामाला येतात.

घराणं जर्मन असेल तर जर्मन वर्तमानपत्रं विसरू नका. सिनसिनाटीचं फोल्क्सब्लाट पहिल्या महायुद्धापर्यंत निघत होतं. अक्षर जुनं काटेरी वळणाचं, पण मृत्यूच्या जाहिरातीचा काळा चौकोन भाषा न येणाऱ्यालाही ओळखू येतो आणि नाव नि तारीख तेवढी उतरवता येते. अशा जाहिरातींत जर्मनीतल्या मूळ गावाचं नाव असण्याची शक्यता इंग्रजी बातमीपेक्षा कितीतरी जास्त.

फुकट साधनांत लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका, कॅलिफोर्नियाचा स्वतंत्र वृत्तपत्रसंग्रह, न्यूयॉर्क राज्याच्या जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह. ओहायोसाठी फ्रीमाँटच्या हेज प्रेसिडेन्शियल लायब्ररीनं चालवलेला निधनवार्तांचा इंडेक्स. इंडियानातल्या फोर्ट वेनची ॲलन काउंटी पब्लिक लायब्ररी तर या विषयाचं माहेरघर आहे, जमलं तर एक दिवस काढून जाच. आणि या सगळ्यांआधी त्या गावच्या लायब्ररीला साधी ईमेल करा. जुन्या अंकांची मायक्रोफिल्म त्यांच्या कपाटात असते आणि बऱ्याच लायब्रऱ्या एखादी निधनवार्ता किरकोळ फीत शोधून पाठवतात. नाव, पूर्ण तारीख आणि एकच विनंती लिहा. ‘घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलंत तर उत्तर येत नाही, त्यांनी तरी काय करावं.

दगड आहे, नोंद नाही

पुरणभूमीतला दगड म्हणजे मृत्यूचं ठिकाण नव्हे. याचं आपल्या सगळ्यांना ओळखीचं उदाहरण आहे. न्यूयॉर्क राज्यात डचेस काउंटीत पकिप्सी गावच्या पुरणभूमीत डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा दगड आहे. त्यावरून कुणी डचेस काउंटीकडे १८८७ ची मृत्यूनोंद मागितली तर ती कशी मिळेल? आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, परत गेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी ज्यांना पाठवल्या त्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी आपल्या कुटुंबाच्या जागेत त्यांना विसावा दिला. इंग्रजीत त्यांचं आडनाव तेव्हा शेवटी दोनदा ई अक्षर घालून लिहिलं जाई, आजच्या स्पेलिंगनं शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दगडाचं ठिकाण, मृत्यूची जागा, स्पेलिंग, तिन्ही धडे एकाच दगडापाशी. मी त्या दगडापाशी गेले तेव्हा शोध वगैरे काही डोक्यात नव्हतं, नुसती उभी राहिले होते.

फाइंड अ ग्रेव्हसारख्या संकेतस्थळावर दगडाचा फोटो असेल तर तो पुरावा, पण खाली लिहिलेला मजकूर कुणी स्वयंसेवकानं भरलेला असतो. फोटोत काय आहे आणि मजकुरात काय आहे हे वेगळं उतरवा. दगडावर नवऱ्याच्या बाजूला बायकोचं नाव आणि जन्मसाल कोरून मृत्यूसाल मोकळं सोडलेलंही दिसतं. त्याचा अर्थ ती पुढे दुसरीकडे गेली आणि तिथेच वारली, असा असू शकतो. पुरणभूमीच्या ऑफिसकडे स्वतःची वही असते, ती विचारा. रेल्वेनं मृतदेह नेताना परवाना लागायचा, त्यावर मृत्यूचं ठिकाण असतं.

कोर्टहाउस जळालं असेल तर

सिनसिनाटीचं कोर्टहाउस १८८४ च्या दंगलीत जळालं, सॅन फ्रान्सिस्कोची दप्तरं १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली. तरी चर्चचं पुस्तक, अंत्यसंस्कार करणाऱ्या फ्युनरल होमची वही, मृत्युपत्र आणि वाटणीचे कागद, अपघाती मृत्यू असेल तर कॉरोनरचा तपास, हे बहुधा वेगळ्या इमारतींत असतात. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० या जनगणनांबरोबर मृतांचीही वेगळी यादी केली होती, आदल्या ३१ मेपर्यंतच्या बारा महिन्यांत वारलेल्यांची. नशिबात असेल तर तुमचा माणूस त्या बारा महिन्यांत बसतो.

१९३६ नंतर नोकरी केलेल्या माणसांसाठी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या, नोंदी आहेत. मृतांचा इंडेक्स मुख्यतः १९६२ पासूनचा भरगच्च आहे आणि फुकट दिसणारा २०१४ च्या सुरुवातीपर्यंतचा. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरची न्यूमिडेंट फाइल, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरांच्या अर्जांची आणि मृत्यूंची नोंद, मात्र अनेकांना माहीत नसते. तिच्यात पुष्कळदा आईवडिलांची नावं असतात. १९६५ नंतर आलेल्या आपल्या पहिल्या पिढीतली माणसं आता जाऊ लागली आहेत, त्यांना शोधतानाही इथूनच सुरुवात करावी. मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावलेलं असतं, ते कधी आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. दहन झालेलं असल्यानं दगड नसतो. फ्युनरल होमच्या संकेतस्थळावरची निधनवार्ता हाच पहिला धागा, तो दिसला की लगेच छापून ठेवा, कारण संकेतस्थळं बंद पडतात.

आमचं काय झालं

इंडियानात काउंटीच्या आरोग्य खात्याकडे १८८२ पासून मृत्यूनोंदी आहेत आणि १९३० च्या दशकात मंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून अनेक काउंट्यांच्या नोंदींचे टाइप केलेले इंडेक्स करून घेतले गेले. त्यातल्या एका इंडेक्समध्ये, एस-सी-एचनं सुरू होणारं आडनाव एस-एननं लिहून, ती सापडली. फेब्रुवारी १९०५. घरात सांगत होते त्याच्या दोन वर्षं पुढे. वय ८१, विधवा, न्यूमोनिया. तारीख मिळाल्यावर त्या गावच्या लायब्ररीनं साप्ताहिकातलं कात्रण पाठवलं: बर्फामुळे दोन दिवस थांबून, सीमेपलीकडे नेऊन, नवऱ्याशेजारी पुरलं.

वहीत वडिलांच्या नावासमोर ‘अननोन’ लिहिलं होतं, आईच्या नावासमोरही. माहिती देणारा जावई. त्याला सासूचं माहेर ठाऊक नव्हतं. इथे पुन्हा अडलो असतो, पण तिचा धाकटा मुलगा ओहायोतच राहिला आणि १९३१ मध्ये वारला. ओहायोच्या राज्य दाखल्यावर आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना असतो आणि १९०८ ते १९५३ चे ते दाखले फॅमिलीसर्चवर फुकट दिसतात. त्याच्या दाखल्यावर माहिती देणारी त्याची बहीण होती, तीच धाकटी लेक, जिच्या घरी आई वारली. तिनं आईचं माहेरचं आडनाव सांगितलं होतं आणि कारकुनानं ते स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं होतं. नातवाचा शाळेचा तक्ता केव्हाच देऊन झाला होता. तरी तो माझ्या टेबलाशी आला, आमच्या घरच्या प्रतीवरच्या मोकळ्या चौकोनात ते नाव पेनानं लिहिलं आणि त्याच्या वर आणखी दोन मोकळे चौकोन काढले.